वीज पचवणारा वृक्ष

वळवाच्या पावसाला सुरुवात झाली की वीज पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत हमखास येऊ लागतात. शेतातली माणसे दगावतात, झाडाखाली बांधलेली गुरे दगावतात, कोकणात माड जळतात. झाडावर वीज पडली की ते झाड संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते आणि ती बहुतेक वेळा खरीही ठरते. पण मध्य अमेरिकेतील पनामा या देशाच्या वर्षावनात एक वृक्ष असा आहे, की वीज पडली तरी तो मरत नाही. एवढेच नव्हे, तर वीज पडल्याने त्याचा फायदा होतो. या वृक्षावरील अभ्यास २०२५ साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. हे शोधून कसे काढले, त्यातून कोणते निष्कर्ष निघतात आणि कोणते काढणे धोक्याचे आहे, हे या लेखात पाहू या.

करंजाचा दूरचा भाऊबंद

या वृक्षाचे शास्त्रीय नाव डिप्टेरिक्स ओलिफेरा. स्थानिक लोक त्याला स्पॅनिश भाषेत ‘आल्मेंद्रो’, म्हणजे बदाम, म्हणतात. आपल्या बदामाशी त्याचे नाते नाही. त्याची बी बदामासारखी खाता येते, म्हणून हे नाव पडले. तो शिंबावंत कुलातला, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुलातला आहे. चिंच, बाभूळ, पळस, पांगारा, करंज ही आपली ओळखीची मंडळी याच कुलातली. त्यातही पळस, पांगारा आणि करंज यांच्याप्रमाणे आल्मेंद्रोची फुले पतंगरूप, म्हणजे वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची असतात. फुलाच्या निदलपुंजातील दोन दले पंखांसारखी मोठी असतात. डिप्टेरिक्स या ग्रीक नावाचा अर्थच ‘दोन पंखांचा’ असा आहे.

शेंग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बियांची ओळ असलेली लांबट शेंग येते. करंजाची शेंग मात्र आखूड, जाड असते. ती तडकत नाही आणि तिच्यात बहुधा एकच बी असते. आल्मेंद्रोची शेंग याच्याही एक पाऊल पुढे गेलेली आहे. तिच्यात एकच बी, तिच्याभोवती लाकडासारखे टणक कवच आणि त्यावर गराचा पातळ थर असतो. न सांगितल्यास कोणी तिला शेंग म्हणणार नाही, आठळीचे फळ म्हणेल. कोरड्या ऋतूत, जंगलात इतर फळे कमी असतात तेव्हा, ही फळे पिकतात. वटवाघळे गर खातात. अगुती नावाचा सशाएवढा कुरतडणारा प्राणी टणक कवच फोडून बी खातो आणि काही बिया पुढच्या दिवसांसाठी जमिनीत पुरून ठेवतो. त्यांतल्या विसरलेल्या बिया रुजतात. शेजारच्या कोस्टा रिका देशात मोठा हिरवा मकाव हा दुर्मीळ होत चाललेला पोपट अन्नासाठी आणि ढोलीतल्या घरट्यासाठी मुख्यत्वे याच वृक्षावर अवलंबून असतो.

पूर्ण वाढलेला आल्मेंद्रो ४० मीटरपर्यंत, म्हणजे साधारण बारा-तेरा मजली इमारतीएवढा उंच होतो. त्याचा विस्तृत माथा जंगलाच्या सलग छतातून वर डोकावतो. लाकूड अत्यंत जड आणि कठीण असते. आयुष्य कित्येक शतकांचे असते.

आता प्रश्न असा, की सर्वांपेक्षा उंच डोके काढून शतकानुशतके उभ्या असलेल्या झाडावर वीज पडणारच. मग तो एवढा जगतो कसा?

वीज नेमकी कुठे पडली?

हे सर्व संशोधन बारो कोलोरॅडो या बेटावर आणि त्याच्या परिसरात झाले. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले, तेव्हा पाणी चढून एका टेकडीचे बेट झाले. तेच हे बेट. १९२३ सालापासून ते अभ्यासासाठी राखून ठेवलेले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे ५० हेक्टर जंगलातील एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाची नोंद करण्यात आली आणि तेव्हापासून ठरावीक वर्षांनी ही मोजणी पुन्हा केली जाते. कोणते झाड कधी मेले, शेजारी कोण होते, हे तेथे चाळीस वर्षांच्या नोंदींतून सांगता येते. पुढील युक्तिवादात या वह्यांचे महत्त्व आपल्याला दिसेल.

पण झाड कशाने मेले हे कसे सांगणार? वीज पडली की खोड उभे चिरते, साल उडते, आग लागते, असे आपण ऐकतो. पनामाच्या जंगलात मात्र वीज पडलेल्या बहुतेक झाडांवर असे काही दिसत नाही. ती काही आठवड्यांत, काही महिन्यांत सुकत जातात. त्यामुळे विजेने मेलेले झाड वर्षानंतर पाहिले, तर ते रोगाने मेले की म्हातारपणाने, हे ओळखता येत नाही.

म्हणून स्टीव्हन यानोविआक, इव्हान गोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. जंगलाच्या छताच्या वर येणाऱ्या मनोऱ्यांवर त्यांनी कॅमेरे बसवले. एका कॅमेऱ्याला वीज कोणत्या दिशेला पडली एवढेच कळते. पण दोन मनोऱ्यांवरून दिशा मिळाल्या, तर दोन रेषा जेथे छेदतात ते विजेचे ठिकाण. नववीच्या भूमितीतली ही गोष्ट आहे. जोडीला विद्युतक्षेत्रातील बदल टिपणारी उपकरणे होती. जागा कळली की काही दिवसांत तेथे जाऊन प्रत्येक झाड तपासायचे, छायाचित्रे घ्यायची आणि पुढे दर काही महिन्यांनी परत जायचे.

या तपासणीतून विजेची एक खूण हाती आली. वीज एका झाडावर पडते, पण तेथेच थांबत नाही. फांद्यांच्या टोकांमधल्या हवेच्या छोट्या फटी ओलांडून प्रवाह शेजारच्या झाडांत शिरतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या, मधल्या झाडाकडे तोंड असलेल्या फांद्यांची टोके आधी करपतात. २०२० साली या गटाने दाखवून दिले, की या जंगलात ६० सेंटिमीटरहून जाड असलेल्या मोठ्या झाडांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के मृत्यू विजेमुळे होतात. मोठ्या झाडांचा हा एक प्रमुख शत्रू इतकी वर्षे जवळजवळ अदृश्य राहिला होता.

नऊ झाडांची गोष्ट

वीज पडलेल्या अशा ९३ झाडांचा मागोवा घेतला गेला. त्यांपैकी ९ आल्मेंद्रो होते. ही नऊच्या नऊ झाडे जगली. त्यांची थोडी पाने गळली, इतकेच. उरलेल्या ८४ झाडांपैकी ६४ टक्के झाडे दोन वर्षांच्या आत मेली.

नऊ ही संख्या फार लहान आहे, हा योगायोग नसेल कशावरून, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारायला हवा. त्याचे उत्तर वर्गातच काढता येते. वीज पडलेले झाड दोन वर्षांत मरण्याची शक्यता ०.६४ असेल, तर जगण्याची ०.३६. आल्मेंद्रो इतर झाडांसारखाच आहे असे क्षणभर धरू. मग नऊही झाडे जगण्याची शक्यता म्हणजे ०.३६ ला ०.३६ ने नऊ वेळा मांडून केलेला गुणाकार. आम्ही तो केला, तेव्हा उत्तर ०.०००१ आले, म्हणजे दहा हजारांत एक. दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट नेमकी येथेच घडली असे मानण्यापेक्षा, आल्मेंद्रो इतरांसारखा नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. उदाहरणे थोडी असली तरी फरक मोठा असेल तर निष्कर्ष काढता येतो, तो असा.

फायदा कसला?

जगला हे ठीक, पण फायदा कसा झाला? येथे दोन पात्रे पुढे येतात: वेली आणि शेजारी.

वर्षावनात लाकडी खोडाच्या मोठमोठ्या वेली असतात. सह्याद्रीतील गारंबी ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. अशी वेल झाडाच्या आधाराने वर चढते आणि त्याच्याच माथ्यावर आपली पाने पसरते. झाडाला ऊन कमी मिळते, अंगावर ओझे पडते आणि फळांची संख्या घटते. वीज पडल्यानंतर आल्मेंद्रोच्या माथ्यावरील वेलींचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटलेले आढळले. दुसरे म्हणजे, आल्मेंद्रोवर पडलेल्या एका विजेने आसपासची सरासरी ९ हून अधिक झाडे मेली. अंगावरची वेल गेली, उन्हासाठी भांडणारे शेजारी गेले आणि मधला वृक्ष मोकळ्या उन्हात उभा राहिला.

हा परिणाम फक्त त्या नऊ झाडांपुरता नाही, हे जुन्या वह्यांनी दाखवले. चाळीस वर्षांच्या नोंदींत, आल्मेंद्रोच्या शेजारी असलेल्या झाडांचे मरण्याचे प्रमाण जंगलातल्या इतर झाडांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त निघाले. ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून उंची मोजली, तेव्हा आल्मेंद्रो जवळच्या शेजाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे चार मीटर उंच आढळला. जो शेजारी उंच होऊन त्याच्या माथ्याला भिडतो, तोच विजेचा वाटेकरी होतो!

मोठ्या आल्मेंद्रोवर सरासरी दर ५६ वर्षांनी एकदा वीज पडते, असा या संशोधकांचा अंदाज आहे. ‘सरासरी’ या शब्दाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. वीज पंचांग पाहून पडत नाही. अभ्यासातील एका झाडावर पाच वर्षांत दोनदा वीज पडली. उलट, दर वर्षी शक्यता ५६ त १ धरली, तर ५६ वर्षांत एकदाही वीज न पडण्याची शक्यता एक तृतीयांशाहून थोडी अधिकच निघते. पण ३०० वर्षे वीज चुकवण्याची शक्यता अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. दीर्घायुषी वृक्षाला वीज टाळता येत नाही. सोसता मात्र आली पाहिजे.

या सर्व गोष्टी एकत्र करून संशोधकांनी गणिती प्रतिमान मांडले. वीज सोसण्याच्या या क्षमतेमुळे आल्मेंद्रोची आयुष्यभराची बीजनिर्मिती चौदा पटींनी वाढते, असे त्यातून निघाले. याचा अर्थ वीज पडल्यावर पुढच्या वर्षी चौदापट फळे लागतात, असा मुळीच नाही. विजेने मेलेले झाड पुढे एकही बी देत नाही. न मेलेले झाड आणखी कित्येक शतके देत राहते. चौदापटीतला मोठा हिस्सा या जगण्याचा आहे.

तो मरत का नाही?

येथे भौतिकशास्त्राची मदत घ्यावी लागते. वाहकातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते. आपण शाळेत शिकवतो:

उष्णता = प्रवाह × प्रवाह × रोध × वेळ

विजेचा प्रवाह साधारणपणे तीस हजार अँपिअरच्या घरात असतो. आपल्या घरातल्या पंख्यातून एक अँपिअरही जात नाही. वेळ मात्र सेकंदाच्या अगदी लहान अंशाइतकी असते. प्रवाह आणि वेळ विजेच्या हातात. झाडाच्या हातात फक्त एकच गोष्ट, रोध. तोच प्रवाह अर्ध्या रोधाच्या खोडातून गेला तर उष्णता निम्मीच निर्माण होईल. रोध जास्त असेल तर आतले पाणी एकदम तापेल, त्याची वाफ होईल आणि जिवंत पेशी मरतील. झाडांच्या निरनिराळ्या जातींचा विद्युतरोध सारखा नसतो, हे जंगलात प्रत्यक्ष मोजून दाखवले गेले आहे. आल्मेंद्रोच्या खोडातून प्रवाह सहज वाहून जात असावा, त्यामुळे आतील पेशी वाचत असाव्यात, असे संशोधकांना वाटते. हे गृहीतक आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे. विद्यार्थ्यांसमोर मांडताना ‘९ पैकी ९ झाडे जगली’ हे निरीक्षण आणि ‘रोध कमी म्हणून जगली’ हे संभाव्य कारण, यांतला फरक पुसू देऊ नये.

तुलनेसाठी आपला माड घ्या. माडाला शेंड्यावर एकच वाढीचा कोंब असतो. वीज पडून तो मेला की फांदी फुटून सावरण्याची सोयच नसते. माडाच्या बागेत एका विजेने अनेक माड एकदम मरतात, हे बागायतदारांना ठाऊक आहे. शेजाऱ्यांत प्रवाह शिरण्याचा प्रकार तेथेही तोच असतो. फरक एवढाच, की मधला माडही वाचत नाही.

एक मोह टाळावा

आल्मेंद्रोची उंची आणि रुंद माथा यांमुळे त्याच्यावर वीज पडण्याची शक्यता सरासरी उंचीच्या व रुंदीच्या झाडापेक्षा ६८ टक्क्यांपर्यंत जास्त असते. मग ‘शेजाऱ्यांना मारण्यासाठी आल्मेंद्रो वीज ओढून घेतो’ असे म्हणावे काय? असे वाक्य वाचायला चटकदार असले तरी त्यात दोन चुका आहेत. पहिली, झाडाला हेतू नसतो. दुसरी, उंच होण्याचा ऊन हा एक फायदा आधीपासूनच आहे. विजेच्या लाभामुळे उंच वृक्ष निवडले गेले असतील, अशी शक्यता आहे. पण एखाद्या गुणाचा आज उपयोग होतो म्हणून तो त्याच उपयोगासाठी उत्क्रांत झाला, हे सिद्ध होत नाही. उत्क्रांती शिकवताना ‘साठी’ हा शब्द जपून वापरावा, तो यामुळेच.

आपल्याला याचे काय?

पनामातले एक झाड कसे जगते, याचा आपल्या मुलांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते दोन संबंध आहेत.

पहिला जंगलांचा. वर्षावनातील कार्बनचा मोठा हिस्सा थोड्याशा मोठ्या वृक्षांत साठलेला असतो. वादळांचे मान बदलले तर यांतले कोण टिकतील, हे जाणण्यासाठी कोणती जात वीज सोसते हे माहीत हवे. पण विजेला न जुमानणारा हा वृक्ष करवतीपुढे टिकत नाही. डिप्टेरिक्स प्रजातीचे कठीण लाकूड जमिनीच्या फरशीसाठी जगभर विकले जाते. म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामा सिटी येथील साइटिस परिषदेत या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आणण्याचे ठरले आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते अमलात आले. कित्येक विजा पचवलेला वृक्ष पाडायला एक दिवस पुरतो.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. आल्मेंद्रोवर वीज पडली की तो वाचतो आणि शेजारी मरतात, हे आपण पाहिले. आता पावसात झाडाच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा विचार करा. तो त्या झाडाचा सर्वांत जवळचा शेजारी असतो. माणसाचे शरीर लाकडापेक्षा चांगले वाहक असल्याने खोडातून उतरणारा प्रवाह हवेची फट ओलांडून त्याच्याकडे वळू शकतो. शिवाय तो जमिनीतही पसरतो. खोडापासून जवळ-दूर असलेल्या दोन पायांमध्ये विभवांतर निर्माण होते आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरांचे पुढचे व मागचे पाय लांब असतात, म्हणून झाडाखालची गुरे अधिक मरतात. झाड हिरवेगार राहिले आणि खालचा माणूस गेला, असे घडते तेव्हा लोकांना त्यात काही गूढ दिसते. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे अजूनही आहे. विजेला कोणाचा जन्म पायांकडून झाला हे कळत नाही. उंची, वाहकता आणि अंतर एवढेच तिच्या लेखी महत्त्वाचे.

म्हणून वर्गात या वृक्षाची गोष्ट सांगून झाल्यावर एक नियम फळ्यावर लिहावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी पक्क्या इमारतीत किंवा धातूचे छत असलेल्या बंद वाहनात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप जवळपासच्या विजेची सूचना देते. गावात ते दोघाचौघांकडे तरी असावे.

आणि वादळ पूर्ण निवळल्यावर, दुसऱ्या दिवशी, गावात कुठे झाडावर वीज पडली असेल तर मुलांना घेऊन तेथे जावे. मधल्या झाडाकडे तोंड असलेली शेजाऱ्यांच्या फांद्यांची टोके करपली आहेत का, हे पाहावे. झाडाची जात, उंची, शेजाऱ्यांचे अंतर टिपावे. आणि दर महिन्याला पुन्हा जाऊन कोण जगले, कोण सुकले, याची नोंद दोन वर्षे ठेवावी. आपल्या वड, चिंच, आंबा, सागापैकी वीज कोण सोसतो, याचे उत्तर अशाच वहीतून मिळू शकेल. बारो कोलोरॅडोवरचे संशोधनही शेवटी पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे जाऊन पाहण्यावरच उभे राहिले आहे.